डोळ्यांतलं तेल

चूक छोटीच होती. एका आठवणींच्या पुस्तकात, पान १३८, चौथी ओळ. लेखिकेच्या आजोबांना 'लेकीच्या लग्नाची चिंता लागून राहिली होती', असं मूळ वाक्य. छापून आलं 'लेकीच्या लग्नाची चिता लागून राहिली होती'. एक टिंब गेलं. चिता आणि चिंता यांत फरक काय तो एका बिंदूचा, हे सुभाषित मी गेली तीस वर्षं नव्या मुद्रितशोधकांना अनुस्वाराचं महत्त्व पटवायला ऐकवत आले आहे. आणि नेमकं तेच टिंब माझ्या हातून निसटलं. तिन्ही प्रुफं मीच वाचली होती, दुसऱ्या कुणावर ढकलायचीही सोय नव्हती. लेखिकाबाई सज्जन. फोनवर एवढंच म्हणाल्या, "ताई, तुम्ही तर डोळ्यांत तेल घालून वाचता ना?"

त्यांना टोमणा मारायचा नव्हता, पण मला लागायचा तो लागलाच.

खरं तर वर्षभर कुरबुर चालू होती. सकाळी उठल्यावर पापण्या जड, कडांना चिकटा. अकरापर्यंत बरं चालायचं. दुपारी तीन-चारच्या सुमाराला अक्षरांना सावली यायची. पापणी मिटून उघडली की ओळ लख्ख, आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा कुणी तरी त्यावर बोट फिरवल्यासारखी पुसट. डोळ्यांत बारीक वाळू गेल्यासारखं खुपायचं. आणि स्कूटरवर बसलं की डोळ्यांतून पाण्याच्या धारा. कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने एकदा विचारलं होतं, "काय झालं मावशी, घरी सगळं ठीक ना?"

पाणी वाहतंय म्हणजे डोळ्यांत उष्णता वाढली, असं माझं निदान. त्यावर गुलाबपाणी झालं, काकडीच्या चकत्या झाल्या, धन्याचं पाणी झालं. चश्म्याच्या दुकानात दोनदा नंबर बदलून झाला. औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे ड्रॉप्स आणले. त्यांनी तासभर डोळे पांढरेशुभ्र व्हायचे आणि मग पहिल्यापेक्षा लाल. चिता-चिंता प्रकरणानंतर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. "काकू, हनुवटी इथे टेका," म्हणाल्या, आणि त्यानंतरची वीस मिनिटं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझंच प्रूफ वाचताना बघितलं.

आधी यादीवरून प्रश्न. संगणकावर किती तास? पाळी जाऊन किती वर्षं? काचबिंदूचे ड्रॉप्स घालता का? तरुणपणी मुरुमांसाठी गोळ्या घेतल्या होत्या का? लेन्स वापरता? काजळ? मग खालच्या पापणीत अडकवलेली टीपकागदाची चिंचोळी पट्टी. पाच मिनिटं ती तशीच लोंबत ठेवायची आणि किती मिलिमीटर भिजली ते मोजायचं. ओटो शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०३ मध्ये काढलेली ही तपासणी आजही तशीच चालते. माझी पट्टी १९ मिलिमीटर भिजली. म्हणजे पाणी भरपूर. मग डोळ्यांत पिवळा रंग, वर निळा उजेड, आणि "आता पापणी मिटू नका." त्या मोजत होत्या. एक, दोन, तीन... आणि थांबल्या.

"दहाच्या पुढे जायला हवं होतं. तुमचं तीनला फाटतंय."

"काय फाटतंय?"

"अश्रूंचा पडदा. डोळे कोरडे आहेत, काकू."

"अहो, पण ते गळताहेत!"

त्यांनी शांतपणे समजावलं, आणि तेव्हा जे कळलं ते मी नंतर घरी माझ्या भाषेत लावून घेतलं. मिसळीचा रस्सा वाटीत कितीही वेळ ठेवा, निवत नाही, कारण वर तर्री असते. तेलाचा थर खालच्या पाण्याला वाफ होऊ देत नाही. डोळ्यांवरही तसंच आहे. बुबुळाला चिकटून राहणारा बुळबुळीत थर, त्यावर पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा एक तवंग, केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतका पातळ. तो तवंग नसला की पाणी दोन-तीन सेकंदांत उडायला लागतं, बुबुळावर कोरडे ठिपके पडतात, तिथल्या नसा ओरडतात, आणि अश्रूंची मोठी ग्रंथी घाबरून बादलीभर पाणी ओतते. ते पाणीही टिकत नाही, कारण तर्री नाहीच. ते गालांवरून खाली येतं आणि रिक्षावाल्यांना काळजी वाटते.

"तुम्हाला पाणी कमी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तेल कमी आहे."

मी हसले. त्यांना वाटलं, मला पटलं नाही. त्यांना आठवणींच्या पुस्तकाची गोष्ट कशी सांगणार!

हे तेल बनतं पापणीच्या आत. वरच्या पापणीत तीस-चाळीस, खालच्या पापणीत वीस-तीस बारीक, उभ्या ग्रंथी असतात आणि त्यांची तोंडं पापणीच्या काठावर, पापणकेसांच्या आतल्या बाजूला, एका ओळीत उघडतात. डॉक्टरांनी पडद्यावर मोठं करून दाखवलं. काठावर ठिपक्यांची रांग. मला ती टिंबांची रांगच वाटली, एखाद्या कंपोझिटरने नुसते अनुस्वारच जुळवून ठेवलेत अशी. त्या ग्रंथींना माइबोमियन म्हणतात, हेल्मश्टेटच्या विद्यापीठातले जर्मन वैद्यक-प्राध्यापक हाइनरिश माइबोम यांच्यावरून. त्यांनी १६६६ मध्ये लॅटिनमधल्या एका पत्ररूपी पुस्तिकेत त्यांचं वर्णन केलं. प्राचीन काळच्या गॅलन या ग्रीक वैद्यालाही त्या माहीत होत्या म्हणतात, पण नाव लागलं ते माइबोमचं.

१६६६ हा आकडा मराठी माणसाने नुसता वाचून पुढे जाणं अवघड. महाराज आग्र्याहून निसटले ते साल. मी उगाचच मनाशी ते जुळवलं: इकडे पेटारे चाललेत, तिकडे हेल्मश्टेटमध्ये एक माणूस कुणाची तरी पापणी उलटी करून बघतोय. आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये न्यूटन त्रिकोणी काचेतून सूर्याचा किरण सोडून त्याचे रंग मोजत होता. पापणीतल्या या ग्रंथी आणि प्रकाशाचे ते रंग यांची गाठ पडायला पुढे साडेतीनशे वर्षं जायची होती, आणि पडली तीही अपघातानेच.

डॉक्टरांनी अंगठ्याने खालची पापणी हलकेच दाबली. निरोगी माणसाच्या त्या ठिपक्यांतून तिळाच्या तेलासारखा स्वच्छ थेंब येतो. माझ्या काही ठिपक्यांतून काहीच आलं नाही आणि काहींतून पांढरट, घट्ट, टूथपेस्टसारखं काही तरी वळवळत बाहेर आलं. मला आमच्या न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली आठवली. डिसेंबरात ती थिजते आणि आई तिला सकाळी उन्हात ठेवायची. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं; पापणीतलं तेल त्याहून बरंच वर, जवळजवळ पापणीच्या स्वतःच्या उबेइतक्या तापमानाला विरघळतं. म्हणजे मुळातच काठावरचा मामला. वयाने, हार्मोन कमी झाल्याने, सूज आल्याने त्या तेलाचा पोत थोडा बदलला आणि विरघळायला दोन-तीन अंश जास्त लागायला लागले, की अंगची ऊब पुरत नाही. बाटलीत तेल आहे, पण ओतता येत नाही.

मग इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पापणी उलटून फोटो काढला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या उभ्या रेघा, फणीच्या दातांसारख्या. उजवी फणी बरी होती. डाव्या खालच्या फणीचे कडेचे सहा दात नव्हतेच, तिथे नुसता काळा पट्टा.

"हे परत येतील?"

"गेलेल्यांचा भरवसा मी देणार नाही. उरलेत ते वाचवू."

मला हे उत्तर आवडलं. नव्या माणसाला पहिल्या भेटीत एवढं सरळ सांगणारे कमी.

आता लहानपणची एक गोष्ट मध्येच सांगते. मला चौथी-पाचवीत सारखी रांजणवाडी व्हायची. आजी उजव्या हाताचं बोट डाव्या तळव्यावर घासघासून गरम करायची आणि पापणीवर टेकवायची, दहा वेळा, वीस वेळा. शिवाय खारकेची बी सहाणेवर उगाळून तिचा लेप. लेपाचं मला माहीत नाही, पण बोटाची ऊब मात्र अगदी योग्य जागी जात होती. आपण जिला सरसकट रांजणवाडी म्हणतो तिचा एक प्रकार म्हणजे याच तेलग्रंथीचं तोंड बुजून आत गाठ होणं, आणि त्यावर आजही पहिला उपाय शेकच. मला पुढे कित्येक वर्षांनी जे होणार होतं त्याची ती आगाऊ जाहिरात होती, असं डॉक्टरांचं मत पडलं.

आणि त्याच घरात आई काजळ धरायची. तुपाचा दिवा, त्यावर पालथी घातलेली तांब्याची वाटी, रात्रभर. सकाळी काजळीत तूप कालवून चांदीच्या डबीत. ते काजळ लावायचं कुठे, तर बरोबर पापणीच्या आतल्या काठावर, जिथे ही टिंबांची रांग उघडते. म्हणजे आजी तोंडं उघडायची आणि आई लिंपायची. पंचावन्न वर्षं मी त्या काठावरून बोट फिरवत आले. काजळ सोडा, असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा खरं सांगते, पाण्यापेक्षा वेगळ्या कारणाने डोळे भरले. बिनकाजळाचा माझा चेहरा आजारी दिसतो. अजूनही दिसतो.

पहिले तीन महिने घरगुती उपाय. रोज दोनदा दहा मिनिटं शेक, मग पापणीच्या काठाकडे बोटाने हलका मसाज, मग काठाची सफाई. शेकाचं गणित सोपं वाटतं पण नाही. कापड गरम पाण्यात पिळून ठेवलं की दोन मिनिटांत गार. शेवटी तांदूळ भरलेली पुरचुंडी तव्यावर गरम करून, मनगटावर चटका बघून, कापडात गुंडाळून. शेजारच्या वहिनींनी जवसाची चटणी दिली, ओमेगा-३ असतं म्हणून. मी ती आनंदाने खाल्ली. पण अमेरिकेत ५३५ जणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वर्षभर माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेणारे आणि ऑलिव्ह तेलाच्या दिखाऊ कॅप्सूल घेणारे, दोघांचे कोरडे डोळे सारखेच सुधारले, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनींना मी ते सांगितलं नाही. चटणी चांगली होती.

तीन महिन्यांनी तीनचे चार सेकंद झाले. तेव्हा डॉक्टरांनी प्रकाशाचं नाव काढलं.

"आयपीएल करून बघू या का?"

घरी हे सांगितल्यावर आमच्या ह्यांनी जो विनोद करायचा तो केलाच. पुढे महिनाभर फोनवर ज्याला ज्याला सांगितलं त्यानेही केला. चेन्नई का मुंबई, इथपासून तिकीट कितीला, इथपर्यंत. तिकिटाचं विचाराल तर चार बैठकींचं मिळून माझ्या हिशेबाने दीड हजार पानांहून जास्त होतं. मी पैसे पानांत मोजते. मुद्रितशोधकाला पानामागे काय मिळतं हे ज्यांना माहीत आहे त्यांनी भागाकार करून घ्यावा. भरती व्हावं लागत नाही म्हणून मेडिक्लेममध्ये काही बसलं नाही.

हे आयपीएल म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट, जोरदार उजेडाचे झटके. लेझर नव्हे. लेझरचा एकच रंग असतो. हा झेनॉन वायूच्या नळीचा झगझगाट, लग्नातल्या फोटोग्राफरच्या फ्लॅशसारखाच, फक्त कैकपट जोरकस; त्यातला निळा-जांभळा भाग गाळून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा उजेड कातडीवर सोडतात. मूळ यंत्र त्वचारोगतज्ज्ञांचं. काही लोकांच्या गाल-नाकावर बारीक रक्तवाहिन्या फुगून कायमची लाली राहते, तिला रोझेशिया म्हणतात; आपल्या सावळ्या कातडीत ती पटकन नजरेला येत नाही. त्या लालीवर हा उजेड मारायचे, कारण रक्तातला लाल रंग तो शोषून घेतो, तापतो, आणि ती बारीक वाहिनी मिटते. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले नेत्रवैद्य रोलांडो टॉयोस यांच्या लक्षात आलं, की चेहऱ्यावर हा उपचार घेतलेल्या रुग्णांचे कोरडे डोळेही सुधारताहेत. उपचार गालांवर, गुण डोळ्यांना. त्यावरून त्यांनी पापण्यांसाठी पद्धत बसवली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, या कामासाठी पहिलं यंत्र मान्य केलं ते एप्रिल २०२१ मध्ये.

मी विचारलं, गालावरच्या उजेडाने पापणीचं तेल कसं सुधारतं? डॉक्टरांनी तीन-चार कारणं सांगितली आणि वर हेही सांगितलं, की नेमकं कोणतं किती काम करतं याचा निकाल लागलेला नाही. पापणीच्या काठावरच्या फुगलेल्या वाहिन्या सूज पसरवणारी द्रव्यं सोडत असतात, त्या मिटतात. थोडी ऊब आत जाऊन तेल पातळ होतं. आणि पापणकेसांच्या मुळांशी राहणारे डेमोडेक्स नावाचे आठ पायांचे, डोळ्यांना न दिसणारे किडे कमी होतात. वय वाढलं की बहुतेकांच्या पापण्यांत ते असतात म्हणे. हे वाचणाऱ्यांनी आता पापणी खाजवू नये.

"पुरावा किती पक्का?" मी विचारलं. तिन्ही प्रुफं वाचून चूक सोडलेल्या बाईला हा प्रश्न विचारायचा नैतिक अधिकार नव्हता, पण सवय.

"मध्यम म्हणू या," त्या म्हणाल्या. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने सगळ्या चांगल्या चाचण्या गोळा करायचं ठरवलं, तेव्हा निकषांत बसणाऱ्या फक्त तीनच निघाल्या, मिळून ११४ माणसं. त्यावरून ठाम काही म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष. नंतर आणखी अभ्यास झालेत, अनेकांत गुण दिसतो. "शेक आणि सफाई यांना हा पर्याय नाही, जोड आहे. चारांतल्या एकाला काहीच वाटलं नाही असंही माझ्याकडे होतं."

मग एक प्रश्न त्यांनी मला विचारला, ज्याची मी अपेक्षा केली नव्हती. "उन्हात तुम्ही लाल होता का काळवंडता?"

"काळवंडते. का?"

कातडीला रंग देणारं मेलॅनिनही तोच उजेड शोषतं. गोऱ्या कातडीत उजेड सरळ रक्तवाहिनीपर्यंत पोचतो. सावळ्या कातडीत वाटेत कातडीच तापते. जोर जास्त झाला तर भाजतं, डाग पडतात. त्यासाठी कातडीची फिट्झपॅट्रिकची मोजपट्टी वापरतात, गोऱ्यापान एकपासून काळ्या सहापर्यंत. १९७५ मध्ये हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती मांडली तेव्हा त्यात गोऱ्यांचेच प्रकार होते. आपण, म्हणजे पाच आणि सहा, नंतर जोडले गेलो. पुरवणीत. एफडीएची मान्यताही एक ते चार याच कातड्यांसाठी. मी चार आणि पाचच्या मधे. स्कूटरवाली असल्यामुळे हात पाच, आणि पुण्याच्या रिवाजाप्रमाणे चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला असल्यामुळे चेहरा चार. त्या स्कार्फवर बाहेरगावचे लोक इतकं हसले आहेत. माझ्या बाबतीत त्याने उपचाराला पात्र ठरवलं.

तरीही डॉक्टरांनी घाई केली नाही. आधी कानाजवळ कमी जोराचा एक ठिपका मारून आठवडाभर वाट पाहिली. आणि एप्रिल-मे सरळ सोडून दिले. उन्हाने कातडी रापलेली असताना नको, आषाढ लागला की सुरू करू. म्हणजे चार बैठकी, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने, जुलै ते सप्टेंबर. मराठीत लिहिण्या-वाचण्याच्या धंद्यात असलेल्या कुणालाही हे महिने काय असतात ते सांगायला नको. दिवाळी अंक. माझ्याकडे त्या वर्षी तीन होते.

पहिल्या दिवशी खुर्चीत आडवं केलं. पापण्यांवर घट्ट बसणारी झाकणं, त्यामुळे आत मिट्ट काळोख. उजेड डोळ्यांवर मारतच नाहीत, डोळ्यांच्या खाली मारतात: एका कानापासून सुरू करून गालाच्या हाडावरून, नाकावरून, दुसऱ्या कानापर्यंत. गार जेलचा जाड थर. मग "पहिला" असा आवाज आणि झाकणांच्या आड, मिटल्या पापणीच्याही आड, शेंदरी वीज चमकली. दुखणं? फोडणीत मोहरी तडतडते आणि एखादा दाणा मनगटावर उडतो, तेवढं. नाकाजवळ जास्त. गालावरची बारीक लव जळाल्याचा किंचित वास. पंधरा-सोळा झटके, एकदा जाऊन पुन्हा उलट. आठ-दहा मिनिटांत खेळ संपला.

खरं दुखतं ते नंतर. उजेडाने तेल मऊ झालेलं असतं तोवर ते पिळून काढायचं. डॉक्टर एका छोट्या चपट्या चिमट्याने पापणीचा काठ धरतात आणि एकेक ग्रंथी दाबत जातात, वरची पापणी, खालची पापणी, मग दुसरा डोळा. सुन्न करणारे थेंब घातलेले असतात, ते नावापुरते. मी खुर्चीचा हात धरून मनात मुळाक्षरं गिरवत होते. अ, आ, इ, ई. "अं"पर्यंत आले तेव्हा डावी खालची पापणी चालू होती.

घरी परतताना सनस्क्रीन, स्कार्फ, छत्री असा बंदोबस्त. दोन दिवस गाल जरा ऊन लागल्यासारखे गरम. बाकी काही नाही. गुणही काही नाही. दुसऱ्या बैठकीनंतरही नाही; उलट त्या आठवड्यात एका अंकात 'दिन' आणि 'दीन' यांची अदलाबदल माझ्या नजरेतून सुटली, ती संपादकांनी पकडली. ह्यांना म्हणाले, दीड हजार पानं पाण्यात गेली. ते म्हणाले, तेलात म्हण.

या काळात डॉक्टरांनी दिलेला एक फुकटचा उपाय मला जास्त जड गेला. पापणी लवणं. एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो; वाचताना, पडद्याकडे बघताना ते पाच-सातवर येतं, आणि तेही अर्धवट, वरची पापणी खालच्याला टेकतच नाही. आणि या ग्रंथींना स्वतःचा पंप नाही. पापण्या एकमेकींवर दाबल्या गेल्या की तेल बाहेर येतं आणि पुढच्या उघडण्याबरोबर बुबुळावर पसरतं. पापणी लवली नाही तर तेल आतच साठतं, थिजतं. म्हणजे मी ज्या गोष्टीचा इतकी वर्षं अभिमान बाळगला, पापणीही न लवता बारा-बारा पानं वाचून काढणं, तेच माझ्या डोळ्यांतलं तेल संपवत होतं. दोन वाक्प्रचार माझ्याच डोळ्यांत एकमेकांशी भांडत होते.

उपाय असा, की दर थोड्या वेळाने डोळे पूर्ण मिटायचे, दोन मोजायचे, हलकेच दाबायचे, उघडायचे. घड्याळ लावून जमेना. मग मी माझा नियम केला: प्रत्येक पूर्णविरामाला पापणी. काही लेखकांच्या बाबतीत हे सोपं जातं. काही ललित लेखक पाऊण पान पूर्णविराम देत नाहीत. त्यांच्याकडे मी स्वल्पविरामालाच मिटते. एका तरुण कवीच्या मुक्तछंदात शेवटपर्यंत एकही विरामचिन्ह नव्हतं, तिथे माझे बरेच हाल झाले.

तिसऱ्या बैठकीनंतर, गणपती जाऊन दोन दिवस झाले होते तेव्हा, एका संध्याकाळी सहा वाजले आणि मी अजून वाचत होते. विशेष काही घडलं नाही. फक्त चार वाजता जे व्हायचं ते झालं नव्हतं, आणि मला ते सहा वाजता कळलं. स्कूटरवरच्या धारा थांबल्या नाहीत, पण सिग्नलवर कुणी चौकशी करत नाही इतपत आटोक्यात आल्या. पितृपक्षात चौथी बैठक झाली. पुन्हा पिवळा रंग, निळा उजेड, मोजणी. सात सेकंद.

"दहा नाही झाले," मी म्हटलं.

"नाही झाले. कदाचित होणारही नाहीत. वर्षातून एखाद-दुसरी बैठक लागेल, शेक रोज लागेल." मग पडद्यावर माझी फणी. डाव्या कोपऱ्यातला काळा पट्टा होता तसाच. शेजारच्या दातांतून मात्र आता तेल येत होतं, पूर्ण स्वच्छ नाही, किंचित गढूळ, पण वाहतं. त्यांनी पापणी दाबून दाखवलं. काठावर एक थेंब उभा राहिला, मग दुसरा. मी आरशात बघायला मागितलं. एवढ्या लहान आरशात काही दिसत नाही म्हणाल्या, तरी दिला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या अंकाचं शेवटचं प्रूफ आलं. फाइल पाठवली होती, पण शेवटचं प्रूफ मी अजून कागदावरच वाचते, लाल पेनने. गडाच्या राखणीवरचा एक लेख होता, तटावरच्या पहाऱ्याबद्दल. तांदळाची पुरचुंडी बाजूला निवत होती. पाचव्या परिच्छेदात लेखकाने लिहिलं होतं, 'रात्रभर डोळ्यात तेल घालून पहारेकरी उभे असत.'

डोळ्यात. एकवचनी. बिचाऱ्या पहारेकऱ्यांचा दुसरा डोळा कोरडाच. मी 'ळ्या'वर टिंब दिलं, समासात खूण केली, पापण्या पूर्ण मिटून दोन मोजले आणि पुढच्या ओळीवर गेले.